खुडलेली अळंबी

रफूबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या ओठांत चार टाचण्या होत्या आणि माझी लेक त्यांना हसवत होती. तोंडात टाचण्या असलेल्या माणसाला हसवू नये, हे मी तिला ती सहा वर्षांची असताना सांगितलेलं आहे.

मी दोन विमानं बदलून, अठरा तासांचा प्रवास करून, तीन वर्षांनी लेकीला भेटायला आले होते. पाय सुजलेले, डोकं जड. आणि ही मला जिना चढून वर स्वतःच्या खोलीत न्यायचं सोडून आधी खालच्या दुकानात घेऊन गेली.

“आई, या आमच्या रफूबाई,” ती म्हणाली.

‘आमच्या’ हा शब्द मी तिथल्या तिथे बाजूला काढून ठेवला. पुढे लागेल म्हणून.

बाईंचं खरं नाव लेकीने मला दोनदा सांगितलं, पण ते माझ्या जिभेवर बसेना. त्या घराच्या मालकीण. तळमजल्यावर पुढच्या खोलीत त्यांचं दुकान, मागे त्या राहायच्या आणि वरची खोली माझ्या लेकीला भाड्याने दिलेली. फाटलेले कपडे रफू करायचे, चेन बदलायच्या, पँटा आखूड करायच्या, हे काम. म्हणून लेकीने त्यांचं मराठी बारसं केलेलं. मला तिथली भाषा येत नव्हती. लेक मध्ये बसून इकडचं तिकडे करायची, तेव्हा इथे बाईंच्या तोंडी जे जे लिहिलं आहे ते लेकीच्या तोंडून आलेलं आहे. तिने त्यात किती साखर घातली असेल ते तिचं तिला ठाऊक.

वय सहासष्ट. उंच, हाडकुळ्या, गळ्यात कायम मोजायची टेप, ती जंगलातही काढायच्या नाहीत. त्यांनी एकतीस वर्षं एका रुग्णालयाच्या तळघरात काढली होती. चादरी, डॉक्टरांचे डगले, रुग्णांची ब्लँकेटं, जे फाटेल ते त्यांच्या टेबलावर यायचं. त्या तळघराला छताजवळ एकच खिडकी होती आणि तिच्यातून फक्त रस्त्यावरचे पाय दिसायचे. “या गावातली निम्मी माणसं मी बुटांवरून ओळखते,” त्या सांगायच्या. “चेहरा दिसला की गोंधळ होतो.”

निवृत्त झाल्यावर त्यांनी पुढच्या खोलीत पायाचं मशीन मांडलं. खिडकीशी टेबल, फळीवर रंगांप्रमाणे लावलेल्या बटणांच्या बरण्या, दांडीवर चिठ्ठ्या टाचलेले कपडे, आणि कोपऱ्यात वाफेची इस्त्री, जिचा ओलसर वास जिन्याने चढून थेट लेकीच्या उशीत जायचा. त्यांच्या रफूची ख्याती अशी की गिऱ्हाईक कोट घ्यायला आलं की तो उजेडात धरून भोक शोधायचं. बाई हाताची घडी घालून उभ्या.

“सापडलं?”

“नाही.”

“मग काय बघताय, घेऊन जा.”

हे मी स्वतः पाहिलं आणि मला त्या आवडल्या. तेच तर वाईट झालं. माणूस कजाग असता तर माझं काम सोपं होतं.

कारण मी नुसती भेटायला आले नव्हते. लेक तिथे चष्म्याच्या भिंगांच्या कारखान्यात तपासनीस आहे, भिंगावर केसाएवढा ओरखडा असला तरी ते बाजूला काढायचं. तिचा तीन वर्षांचा करार संपत आला होता, कंपनी म्हणत होती आणखी तीन वर्षं राहा. महिनाअखेरीस उत्तर द्यायचं होतं. मी तिला परत न्यायला आले होते. हे मी तिला सांगितलं नव्हतं, पण माझ्या बॅगेत तिच्यासाठी एकही स्वेटर नव्हता, यावरून तिला कळायला हवं होतं.

आणि घरात जिकडे बघावं तिकडे रफूबाई. लेकीच्या कोटाला त्यांनी आतून खिसा लावलेला. लेकीच्या कपाटात रबरी शेकपिशवीला त्यांनी शिवलेलं लोकरी झबलं. मी विचारलं, हे कशाला, तर म्हणाली, “मागच्या थंडीत मला ताप आला होता ना, तेव्हा.”

“कधी? किती?”

“आठ-दहा दिवस होता. छातीत कफ झाला होता.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“तू काळजी केली असतीस.”

“मग आईने दुसरं काय करायचं असतं?”

“अगं, तिकडून तू काळजीच करू शकली असतीस. त्या खालून सूप आणून देत होत्या.”

एवढं बोलून ती दात घासायला गेली. मी ते लोकरी झबलं घडी घालून ठेवलं. शिवण बघायची नाही असं ठरवलं होतं तरी बघितली. एक टाका वेडावाकडा नव्हता.

बाईंच्या नाकावर जो चष्मा होता त्याची भिंगं माझ्या लेकीने स्वतः तपासून निवडली होती. त्यांच्या दोन्ही डोळ्यांचे नंबर तिला तोंडपाठ. माझा नंबर गेल्या वर्षी वाढला, हे तिला माझ्याकडे बघून कळलंही नव्हतं.

पण खरी दुखरी जागा रविवार होती. दर रविवारी सकाळी या दोघी टोपल्या घेऊन बसने शेवटच्या थांब्यापर्यंत जायच्या. तिथे लाकडाची जुनी वखार आहे. रफूबाईंचा नवरा तिथे करवतीवर होता, बारा वर्षांपूर्वी छातीच्या विकाराने गेला. वखारीमागून पायवाट जंगलात शिरते. दोघी दुपारपर्यंत रानातला पाला, फळं आणि मुख्य म्हणजे अळंब्या गोळा करायच्या. आपल्याकडे कुत्र्याची छत्री म्हणून जिला लाथ मारतो, तिच्यासाठी माझी लेक सुट्टीच्या दिवशी पहाटे उठत होती. शाळेत असताना मी तिला तीन हाका मारून, पांघरूण ओढून उठवायची.

आता एक सांगायला हवं. मी वनस्पतिशास्त्राची पदवीधर आहे. पहिल्या वर्गात. माझी प्रॅक्टिकलची वही सरांनी वर्गात उंच धरून दाखवली होती, विशेषतः अळंबीची आकृती. पुढे विमा कार्यालयात नोकरी लागली आणि ती वही माळ्यावर गेली, पण पदवी काही माळ्यावर जात नाही. माझ्या लेकीने उभ्या जन्मात मला एका झाडाचं नाव विचारलं नाही. आणि इथे ती एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या मागे वही घेऊन फिरत होती.

पहिल्या रविवारी मीही गेले. वाटेत दिसेल त्या रोपाचं मी कुळ सांगत होते. लेक भाषांतर करत होती, सुरुवातीला उत्साहाने. रफूबाई थांबून नीट ऐकायच्या, मान हलवायच्या. शेवटी एका काटेरी पानाच्या झुडपापाशी त्यांनी विचारलं, “आणि हे खातात का?”

मला माहीत नव्हतं. मला कुळ ठाऊक, पण ते शिजतं का, कडू लागतं का, पोट बिघडवतं का, काही ठाऊक नाही. बाईंनी शेंडा मोडला, पान उलटं दुमडून काटे आत घेतले आणि खाऊन टाकलं. मग मला एक दिलं. मी खाल्लं नाही. लेकीने माझ्या हातावरून उचलून खाल्लं.

त्या जंगलात बाई अगदी हळू चालायच्या, कोटावरचं भोक शोधणाऱ्या गिऱ्हाइकासारख्या. त्यांच्याकडे एक आखूड, वाकड्या पात्याचा सुरा होता, लाकडी मूठ झिजून मधे बारीक झालेली, मुठीच्या टोकाला माती झटकायला राठ केसांचा कुंचला. तो त्यांच्या सासूचा. त्यांचं सगळं ज्ञान सासूकडून आलेलं, आणि सासू म्हणजे सासूच. नऊ वर्षं तिने सुनेला नुसती टोपली उचलायला लावली. खुडायचं नाही, बोट दाखवायचं नाही. बघायचं. दहाव्या वर्षी म्हणाली, आज तू एकटीने भर. सुनेने टोपली भरली आणि त्या संध्याकाळी सासूने ती एकटीने शिजवून खाल्ली. सकाळी उठली, चहा प्यायली आणि सुरा सुनेच्या पुढ्यात टाकला.

“म्हणजे जो शिकवतो त्यानेच खायचं?” मी विचारलं.

“मग कोणी खायचं?” रफूबाई म्हणाल्या. “चूक शिकवलं असेल तर ज्याने शिकवलं त्याच्या पोटात जाऊ दे.”

विषाची परीक्षा बघू नये म्हणतात. इथे परीक्षाच विषाची होती.

बाईंना एक मुलगा. तो मालट्रक चालवतो, दोन महिन्यांनी एकदा येतो आणि त्याला अळंबीचा वाससुद्धा सहन होत नाही. “देवाने माझी थट्टा केली,” त्या हसून म्हणायच्या. म्हणजे सुरा पुढे जायला जागा नव्हती. आणि आता दोन वर्षं टोपली उचलून झाल्यावर, पुढच्या रविवारी माझ्या लेकीने एकटीने टोपली भरायची होती.

“नऊ वर्षांची दोन केली त्यांनी माझ्यासाठी,” लेक मला सांगत होती. तिचे डोळे असे चमकत होते की बारावीच्या निकालालाही चमकले नव्हते. “आई, त्या खाणार आहेत माझी टोपली.”

“आणि मी काय करायचं?”

“तू ये ना बरोबर. मजा येईल तुला.”

मजा. मी हो म्हटलं.

त्या रविवारी आभाळ स्वच्छ होतं आणि पायाखालची पानं ओली. लेक पुढे, आठ-दहा पावलं मागे रफूबाई, हात पाठीशी बांधून, तोंड मिटून. मला ओढ्याजवळ एका आडव्या पडलेल्या ओंडक्यावर बसायला सांगितलं होतं. “तुझे गुडघे दुखतील आई, इथेच थांब, आम्ही समोरच आहोत.” भरत आलेली टोपली तिने माझ्या पायाशी ठेवली आणि दोघी चढावर गेल्या. मला त्यांचे आवाजही येत नव्हते. म्हणजे बोलतच नव्हत्या. दोन माणसांना एकमेकांशी न बोलता इतकं बरं वाटताना मी फार कमी वेळा पाहिलंय.

ओंडक्याच्या पलीकडे वाकले तर ती दिसली. एकटी, पांढरी, तुळतुळीत, देठावर पातळ झालरीसारखं कडं. टोपलीतल्या सगळ्या अळंब्या तपकिरी, मळकट, कुठे किड्याने खाल्लेल्या. ही म्हणजे माझ्या वहीतली आकृती जिवंत होऊन उभी. मला इतका आनंद झाला. मी आजूबाजूला पाहिलं आणि मेथी निवडताना खुडतो तशी ती नखाने खुडली, रुमालाने पुसली आणि टोपलीत मधोमध, दोन मोठ्या अळंब्यांच्या खाली ठेवली. मनात असं होतं की घरी निवडताना ती निघेल, लेक म्हणेल, ही कुठून आली, केवढी सुंदर. मग मी सांगेन.

तेव्हा माझ्या मनात एवढंच होतं. हे मी शपथेवर सांगते, कारण यापुढचं तसं सांगता येणार नाही.

घरी आल्यावर मागच्या खोलीतल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. निवडायची पद्धत ठरलेली. एकेक अळंबी हातात घ्यायची, तिचं नाव मोठ्याने सांगायचं, बुडापर्यंत दाखवायची. प्रत्येक जातीची एक बशीत काढून दुसऱ्या दिवसापर्यंत जपून ठेवायची, म्हणजे कुणाला काही झालंच तर डॉक्टरला दाखवता येईल. लेक नावं घेत होती, रफूबाई हुंकार भरत होत्या. सतरा झाल्या. अठरावी पांढरी निघाली.

लेक थांबली. “ही…” ती म्हणाली.

रफूबाईंनी हात पुढे केला. पांढरी अळंबी तळहातावर घेतली, टोपी पाहिली, टोपीखालचे कल्ले पाहिले, कडं पाहिलं, आणि शेवटी देठ उलटा केला. देठाला बूडच नव्हतं. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग लेकीला काहीतरी विचारलं.

“मला आठवत नाही,” लेक आधी त्यांच्या भाषेत आणि मग, स्वतःशीच, मराठीत म्हणाली. “मी घेतली असणार. टोपली माझीच आहे. पण मला आठवत नाही.”

माझं तोंड उघडलं होतं. मला बोलायला अर्धं मिनिट मिळालं होतं. पण तेवढ्यात रफूबाईंनी मान हलवली आणि एक शब्द बोलल्या, जो मला भाषांतराशिवाय कळला. पुढच्या वर्षी. आणि माझ्या मनात पहिली गोष्ट कुठली आली तर, बरं झालं. सुरा गेला. आता काय अडवतंय तिला. मी तोंड मिटलं.

त्यांनी वर्तमानपत्राच्या चारी कडा उचलल्या आणि सगळंच्या सगळं, सतरा चांगल्या अळंब्यांसकट, गुंडाळलं. बूड नसलेली एक जरी टोपलीत निघाली तरी टोपली गेली, असा त्यांचा नियम. तुकडे, धूळ एकमेकांना लागलेली असते. टोपली उकळत्या पाण्याने घासली, हात दोनदा धुतले, टेबल पुसलं. पांढरी तेवढी त्यांनी वेगळ्या कागदात बांधून ठेवली. लेक भिंतीला टेकून उभी होती. रागावल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. त्या रागावल्या नाहीत.

सोमवारी लेक कामावरून आली ती डोळे चोळत. मंगळवारी तिने एक पेटी भिंगं दोनदा तपासली आणि मग तिसऱ्यांदा तपासायला मागितली, म्हणून तिच्या वरिष्ठाने तिला विचारलं, बरं नाही का. बुधवारी जेवताना ती म्हणाली, “आई, मी तुझ्याबरोबर परत येऊ का?”

मी ज्या वाक्यासाठी इतक्या लांब आले होते ते वाक्य हे.

“का गं?” मी विचारलं.

“माझ्या हातून त्या मेल्या असत्या.” तिने ताटातला घास तसाच ठेवला. “दोन वर्षं बघतेय मी. दोन वर्षं त्या एकच गोष्ट सांगतायत, बुडासकट काढ. आणि मी काढली नाही, आणि मला आठवतही नाही. ज्या माणसाला स्वतःच्या हाताने काय केलं ते आठवत नाही त्याने भिंगं तरी का तपासावी?”

“चुका होतात.”

“अशा होत नाहीत.”

मी तिला पाणी दिलं. गॅस बंद आहे का ते पाहिलं, खिडकीची कडी पाहिली, पुन्हा गॅस पाहिला. सगळ्या घराच्या कड्या तपासणारी बाई मी, आणि लेकीच्या डोक्यात स्वतःबद्दलचा संशय मी सोडून दिला होता, मोकळा.

गुरुवारी ती कामावर गेल्यावर मी खाली उतरले. दुकानात कुणी नव्हतं. रफूबाई एका शाळकरी कोटाचं कोपर रफू करत होत्या. मला बघून त्यांनी स्टूल सरकवलं. आमच्या दोघींमध्ये भाषा नावाची वस्तू नव्हती. मी उभीच राहिले. स्वतःच्या छातीकडे बोट दाखवलं, मग नखाने हवेत खुडलं, मग टोपलीत ठेवल्यासारखं केलं. अठ्ठावन्न वर्षांची पदवीधर बाई, आंधळी कोशिंबीर खेळल्यासारखी हात हलवत होते.

बाईंनी सुई कोटात टोचून ठेवली. खण उघडला, कागदाची पुडी काढली, सोडली. अळंबी आता आकसून पिवळी पडली होती. त्यांनी टेबलावरचं मोठं भिंग तिच्या देठावर धरलं आणि मला बघायला बोलावलं. तुटलेल्या टोकाला चंद्रकोरीसारखी खाच होती. मग त्यांनी माझा उजवा हात उचलला आणि अंगठ्याचं नख त्या खाचेशी नेऊन धरलं.

त्यांना रविवारपासून माहीत होतं. एकतीस वर्षं ज्यांनी कापड फाटलं की कापलं, खिळ्याने की कात्रीने, हे नुसतं धाग्यांवरून ओळखलं, त्यांना देठ सुऱ्याने काढला की नखाने हे कळायला किती वेळ लागणार. माझी लेक नखं ठेवत नाही. भिंगांना लागतात.

मग रविवारीच का नाही बोलल्या, असं मला विचारायचं होतं, पण तेवढे हातवारे मला येत नव्हते. त्यांनी कोट घातला, दारावर पाटी उलटी केली आणि मला बाहेर चला अशी खूण केली.

बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. त्या खिडकीबाहेर बघत काहीतरी सावकाश, बराच वेळ बोलत राहिल्या. मला एक अक्षर कळलं नाही, फक्त माझ्या लेकीचं नाव तीनदा आलं ते कळलं. पहिल्यांदा मला राग आला, की हे नाव मी ठेवलेलं आहे. तिसऱ्यांदा लक्षात आलं की त्या ते बरोबर उच्चारत होत्या, अगदी शेवटचा स्वर लांबवून, जसं मी घरात हाक मारताना उच्चारते. हे त्यांनी कुठून उचललं असेल, तर फोनवरच्या माझ्या आवाजातून. रोज संध्याकाळी मी करते तो फोन लेक स्पीकरवर ठेवते, तो त्या खालून जिन्यात ऐकत असणार.

ओंडका मला सापडला. पलीकडे वाकून मी जागा दाखवली. पानांत अर्ध्या बोटाएवढा पांढरा खुंट होता. बाई गुडघ्यांवर बसल्या, वाकड्या पात्याने खुंटाभोवतीची माती सैल केली आणि ढेकूळ अख्खं उचलून माझ्या तळहातावर ठेवलं. कुंचल्याने माती झटकली. खाली पांढरी, फाटक्या काठाची वाटी होती. अंड्याच्या कवचासारखी.

ती वाटी मी चाळीस वर्षांपूर्वी पेन्सिलीने काढली होती. बाण काढून तिचं नाव लिहिलं होतं, आणि खाली सरांनी सांगितलेलं वाक्य: ही असेल तर अळंबी प्राणघातक समजावी. दहापैकी नऊ गुण. आणि मी ती वाटी मातीत ठेवून वरचं तेवढं लेकीच्या टोपलीत टाकलं होतं. नियमाप्रमाणे ती टोपली रफूबाई खाणार होत्या. पण माझी लेक काही नुसती बघत बसली असती का? मी त्या ओंडक्यावर बसले. रफूबाई शेजारी बसल्या. त्यांनी माझ्या हातातलं ढेकूळ काढून पुडीत बांधलं, पुडी माझ्या पर्समध्ये ठेवली आणि पर्सची चेन लावून दिली. सांगायचं काम माझं होतं.

संध्याकाळी लेक आली तेव्हा पुडी टेबलावर उघडून ठेवली होती. मी सगळं सांगितलं. ती उभ्यानेच ऐकत होती, कोट न काढता.

“मुद्दाम?” तिने विचारलं.

“टाकली ती नाही. गप्प बसले ती मुद्दाम.”

“चार दिवस?”

“चार दिवस.”

“मी बुधवारी तुला म्हटलं परत येते, तेव्हाही?”

“तेव्हाही.”

ती खुर्चीत बसली. “आई, तू गॅस तीनदा बघतेस,” ती म्हणाली. मला वाटलं पुढे काहीतरी म्हणेल. ते एवढंच होतं.

“तुझ्या टोपलीत माझं काहीतरी असावं असं वाटलं,” मी म्हटलं.

“मग मला विचारायचं होतंस.”

“तू त्यांना विचारतेस सगळं. मी पदवीधर आहे.”

तिला हसू आलं नाही. ती उठून खाली गेली. जमिनीतून मशीन थांबल्याचा आवाज आला, मग दोघींचं बोलणं, मग पुन्हा मशीन. ती तासाभराने वर आली आणि दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. मीठ दे, दार लाव. मी ते पदरात पाडून घेतलं. कमी मिळालं असंही नाही म्हणत.

पुढच्या रविवारी परीक्षा पुन्हा झाली. वखारीपाशी रफूबाईंनी रिकामी टोपली माझ्या हातात दिली आणि लेकीला काहीतरी सांगितलं. लेक माझ्याकडे न बघता म्हणाली, “त्या म्हणतात, उचला. खुडायचं नाही. बोट दाखवायचं नाही. नऊ वर्षं.”

मी उचलली. त्या दिवशी चौदा निघाल्या, चौदाही बुडासकट, मातीसकट. संध्याकाळी मी म्हटलं, मीही खाणार. दोघी एकदम नाही म्हणाल्या, दोन भाषांत. खायचा मान शिकवणाऱ्याचाच. मी वर येऊन बसले आणि मला काय वाटत होतं ते लिहिते, कारण खोटं लिहायचा कंटाळा आलाय: मरायचा हक्कही पहिला त्यांचा, याचा मला हेवा वाटत होता.

सकाळी लेक जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली होती. आठ वाजले. सव्वाआठ. मी तिच्या वरच्या पायरीवर. आठ वीसला आतून मशीन सुरू झाल्याचा आवाज आला आणि लेकीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. दार उघडलं, रफूबाईंच्या ओठांत टाचण्या होत्या. त्यांनी सुरा तिच्या मांडीवर टाकला आणि परत कामाला बसल्या. लेकीने मूठ धरून पाहिली. मग मला धरायला दिली. ती मूठ मधे इतकी झिजली होती की माझी बोटं तिच्यात आपोआप बसली, आणि मी पटकन परत दिली.

तिने कंपनीला हो कळवलं. मला विमानतळावर सोडताना तिने माझ्या चष्म्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, “नंबर वाढलाय ना तुझा? कळवत जा.” मी म्हटलं, तू ताप आला की कळव, मी नंबर वाढला की कळवीन. त्यावर मात्र ती हसली.

आता दर रविवारी तिचा फोटो येतो. बशीत प्रत्येक जातीची एक अळंबी, नियमाप्रमाणे. मी फोटो मोठा करून एकेकीचा देठ बुडापर्यंत आहे ना ते बघते. मग त्याच्या मागे टेबलावर मांडलेल्या दोन ताटल्या बघते. मग सोमवार उजाडेपर्यंत वाट. तिकडची सकाळ झाली की निरोप येतो, “दोघी ठणठणीत.”

मी एकीचंच विचारलं होतं, असं मी टाइप करते. मग ते पुसते आणि लिहिते, बरं झालं.